दादीची कणगी

मुलांनो, तुमच्या घरी धान्यात कडुनिंबाचा पाला घालतात का? आमच्या घरी घालत असत. त्या पाल्याने मला एक धडा शिकवला, तो तुम्हांला सांगते.

माझे गाव कोऱ्हाळे बुद्रुक, तालुका बारामती. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर इथे ऊस होतो. पण भाकरीला ज्वारी लागतेच. वर्षाची ज्वारी कणगीत भरण्याचे काम दादीचे होते. ज्वारीच्या थरांमध्ये ती कडुनिंबाचा पाला पसरत असे.

मी नववीत असताना दादी फुफीच्या गावी गेली. जाताना म्हणाली, "बेटी, या वेळी कणगी तू भर. पाला सावलीत वाळव, मगच घाल."

मला वाटले, पाला तो पाला! वाळवत कशाला बसायचे? मी हिरवागार पाला तोडला आणि तसाच घातला.

दोन महिन्यांनी कणगी उघडली, तर कुबट वास आला. पाला कुजला होता. ज्वारीला बुरशी लागली होती आणि तिच्यात सोंडे फिरत होते. ती ज्वारी गुरांनाही घालता येईना. अब्बांना ज्वारी विकत आणावी लागली. ते मला एक शब्दही बोलले नाहीत, म्हणून मला जास्तच वाईट वाटले. दादी एवढेच म्हणाली, "ओला पाला म्हणजे किडीला आवतण."

पुढे विज्ञान शिकताना कारण कळले. झाडाला पळता येत नाही. म्हणून ते आपल्या अंगातच शत्रूवर औषध तयार करते. कडुनिंबात अशी अनेक कडू द्रव्ये असतात. त्यांतील एक अ‍ॅझाडिरॅक्टिन. त्यामुळे किडीचे खाणे कमी होते आणि तिला नीट कात टाकता येत नाही. ते लिंबोळीच्या बीत सर्वांत जास्त असते. उन्हात मात्र ते लवकर नष्ट होते. म्हणून निंबोळी अर्क संध्याकाळी फवारतात. पाला सावलीतच का वाळवायचा, हेही तेव्हा उमगले. दादीला अक्षरओळख नव्हती. पण तिचे म्हणणे बरोबर होते.

हळदीचेही तसेच. खुरपे लागले की दादी जखमेवर हळद दाबत असे. हळदीतील कुर्कुमिन जिवाणूंची वाढ रोखते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या भारतीय संस्थेने त्याला हरकत घेतली आणि जुने लेखी पुरावे दाखवले. त्यांत संस्कृत आणि हिंदीबरोबर आपल्या उर्दूतील मजकूरही होता! १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. कोणीतरी लिहून ठेवले होते, म्हणून हे घडले.

मात्र एक ध्यानात ठेवा. झाडाचे औषध म्हणजे निर्धोक औषध नव्हे. कडुनिंबाचे तेल लहान मुलांच्या पोटात गेले तर जिवावर बेतू शकते. खोल जखम झाली तर दवाखानाच गाठावा.

आज दादी नाही. तिला अशा कितीतरी गोष्टी ठाऊक होत्या. मी त्या विचारल्या नाहीत, लिहिल्या नाहीत. तुमच्या घरी दादी किंवा नानी असेल, तर आजच वही घेऊन तिच्याजवळ बसा. ती सांगेल ते उर्दूत लिहा, मराठीत लिहा. आणि "असे का?" हा प्रश्न त्याखाली लिहायला विसरू नका.