सही कुणाच्या सांगण्यावरून?

वस्तीतल्या एका पोरावर मारामारीचा गुन्हा होता. जामिनाला पैसे नव्हते. सहा महिने तो तुरुंगात राहिला. "प्ली बार्गेनिंगचा अर्ज कर, भोगलेल्या शिक्षेवर सुटशील," असे त्याला सांगण्यात आले. त्याने आम्हाला विचारले. आम्ही म्हणालो, "सही कर, बाबा. आई वाट बघतेय." तो सुटला. आम्ही पेढे वाटले.

पुढे पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तो अडकला. "दादा, अपील करू ना?" त्याने विचारले, तेव्हा कायदा वाचायची वेळ आमच्यावर आली. सहीच्या आधी वाचायला हवा होता.

२००६ पासून ही तरतूद आपल्याकडे आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांना ती लागू होते. स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे गुन्हे तीतून वगळले आहेत. ॲट्रॉसिटीचे गुन्हेही वगळले आहेत, म्हणून या वाटेने कुणी तडजोड करायला सांगितली तर ठाम नकार द्या. अशा निकालावर अपील नाही. जुन्या संहितेत हे कलम २६५-जी होते, आता नागरिक सुरक्षा संहितेत कलम २९५ आहे. उरतात घटनेची कलमे १३६, २२६ आणि २२७. म्हणजे सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगी याचिका किंवा उच्च न्यायालयात रिट. तालुक्याच्या कोर्टात हजेरी लावायला एसटीचे भाडे जमवणाऱ्या माणसाला ही दारे किती लांब आहेत, ते आपल्याला ठाऊक आहे.

पण दार बंद नाही. आरोपीला एकट्याला, बंद खोलीत विचारून अर्ज स्वेच्छेचा आहे याची खात्री न्यायाधीशाने करायची असते. ती केली का? शपथपत्र त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवले का? रोजनामा, अर्ज आणि निकालाच्या प्रमाणित नकला काढा. लढाई त्या कागदांवर आहे. थिप्पेस्वामी खटल्यात, ही तरतूद कायद्यात नसतानाच्या काळात, सौम्य शिक्षेच्या आशेने गुन्हा कबूल करणाऱ्याची शिक्षा उच्च न्यायालयाने वाढवली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम २१ चा भंग मानले आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला.

हेही सांगून ठेवतो. निकाल रद्द झाला म्हणजे माणूस निर्दोष सुटला असे नाही. खटला पुन्हा उभा राहू शकतो. आमच्या पोराने हे ऐकून घेतले आणि म्हणाला, "चालेल. निदान माझी बाजू कुणीतरी ऐकेल."

सहा महिने जामीन न मिळालेल्या माणसाची संमती ही संमती असते का? बाबासाहेबांनी घटनेत कायद्यापुढे समानता लिहिली. गरिबाला कबुली आणि कोठडी यांतूनच निवड करावी लागत असेल तर ती समानता कागदावरच राहते. कलम ३९-अ मोफत कायदेशीर मदतीचे आश्वासन देते. ती मदत सहीच्या आधी मिळाली पाहिजे.

मित्रांनो, वस्तीतला पोर सही करण्याआधी तुमच्याकडे येईल. "कर" म्हणण्याआधी वकील गाठा, कागद वाचा. आम्ही वाचला नव्हता. आता त्याच्यासोबत उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढतो आहोत.

जय भीम!