थांबतो

थंडीत माझी बोटं अजूनही लवकर आखडतात. सदऱ्याचं वरचं बटण लावताना उजव्या हाताला डाव्याची मदत लागते. बटण काजात गेलं की बंगळूरच्या एका डॉक्टरीणबाईंची आठवण होते. त्यांना मी कधी भेटलेलो नाही.

1988 साल. मी 19 वर्षांचा, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. पेपर लिहिताना पेन बोटांतून निसटायला लागलं. मग जेवताना भात कालवता येईना. अंगठ्याखालचा उंचवटा बसत गेला, तळहात सपाट झाला. हात पुढे धरला की बोटं बारीक थरथरायची. गावात कुजबुज सुरू झाली, कारण आमच्याकडे हात असा वाळला की लोकांच्या मनात आधी महारोगच येतो. रात्री मी झोपलोय असं समजून आई माझ्या बोटांना गरम वाटी टेकवून बघायची. मी हात मागे घेतला की तिच्या जिवात जीव यायचा.

चटका कळत होता, म्हणजे महारोग नव्हता. पण एका डॉक्टरांनी त्याहून मोठं नाव घेतलं: मोटर न्यूरॉन डिसीज. स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. हातापायांनंतर गिळणं जातं, शेवटी श्वास. बहुतेकांच्या हाती 3 ते 5 वर्षं. घरात मला कुणी काही सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षाची फी भरायची का, असं दादांनी आईला विचारलेलं मी दाराआडून ऐकलं.

मग पुणे. तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी कापूस फिरवला, टाचणी टोचली, गुडघ्यांवर हातोडी मारली, जीभ बघितली. नसांतून विजेचे हलके झटके दिले, स्नायूंत सुई घालून तपासणी केली. नसा ठीक होत्या, संवेदना शाबूत होती. बिघाड मज्जारज्जूतच होता, पण फक्त एका हातापुरता. डॉक्टरांनी खणातून एक झेरॉक्स काढली. बंगळूरच्या निमहान्स या संस्थेतल्या डॉ. एम. गौरीदेवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1984 सालचा शोधनिबंध होता तो. जपानमध्ये हिरायामा यांनी 1959 साली तरुणांच्या हाताचा असा आजार नोंदवला होता. गौरीदेवींच्या रुग्णांत एकच पाय वाळलेलेही होते. एकाच अवयवाचे स्नायू वाळतात म्हणून त्यांनी नाव दिलं 'मोनोमेलिक अमायोट्रॉफी'.

"काही वर्षं वाढतो," डॉक्टर म्हणाले, "आणि मग थांबतो."

दादांनी एवढंच विचारलं, "कॉलेजचं काय करायचं?"

"पाठवा की. परीक्षेला लेखनिक मागून घ्या."

त्या 'थांबतो'वर मी पदवी घेतली, नोकरी धरली, संसार मांडला. हा शब्द एका तपासणीत सापडत नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्यासाठी तोच रुग्ण वर्षानुवर्षं परत बोलवावा लागतो, तोच हात पुन्हा बघावा लागतो, आणि मरणाऱ्यांच्या यादीतून न मरणारे वेगळे काढावे लागतात. गौरीदेवींनी ते केलं. आणि कुठून कुठून प्रवास करून पुन्हा पुन्हा बंगळूरला गेलेल्या, नावही ठाऊक नसलेल्या त्या पोरांनी केलं. माझं आयुष्य त्यांच्या हातांवर उभं आहे.

माझा हात तिसऱ्या वर्षी थांबला. तरी डॉक्टर दर वर्षी बोलवायचे, कोपरापासून ठरावीक अंतरावर टेप गुंडाळून माप लिहायचे. एकदा मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, "पुढच्या पोराच्या बापाला सांगायला." त्यानंतर मी एकही वर्ष चुकवलं नाही.

एकदा तिथे 17-18 वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आलेला. मानेला पट्टा होता. मान पुढे वाकली की अशा मुलांच्या मज्जारज्जूवर दाब येतो, हे तोवर समजलं होतं. डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी माझा हात टेबलावर त्याच्या हाताशेजारी ठेवला. दोन्ही तळहात सारखेच सपाट. त्या माउलीने ते बराच वेळ निरखले.

"किती वर्षं झाली?"

"11," मी म्हणालो.