सोपा प्राणी

'सोपे' हा शब्द मोठा फसवा आहे. सोपे गणित, सोपा स्वयंपाक, सोपी नोकरी. सांगणाऱ्याला सारेच सोपे असते. एडिंबरोला मुलाकडे राहायला आल्यापासून या शब्दाशी माझी रोज गाठ पडते आहे. माझ्या नऊ वर्षांच्या नातीला, सईला, सोपा प्राणी पाळायचा आहे. कुत्र्याला फिरवावे लागते, मांजराने सूनबाईंना शिंका येतात. तेव्हा तिची नजर न्यूट-सॅलॅमँडर मंडळींवर गेली. दिसायला पाल, गोत्राने बेडूक! निवडीचे काम अर्थातच रिकामटेकड्या आजोबांकडे.

पहिला उमेदवार चीनचा लाल पोटाचा न्यूट. चार बोटांचा, देखणा. पण काच चढून पसार होण्यात पटाईत, कातडीत विष, आणि दुकानात येतो तो पुष्कळदा रानातून धरलेला. तो बाद झाला.

दुसरा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोचा ॲक्सोलॉटल. कल्ल्यांचे तुरे मिरवीत हा जन्मभर पोरच राहतो. पाय तुटला तर नवा फुटतो! १८६३-६४ च्या सुमारास चौतीस ॲक्सोलॉटल पॅरिसला आणले गेले. आज टाक्यांतून वाढणारे पुष्कळसे त्यांचेच वंशज. मायदेशी मात्र १९९८ साली चौरस किलोमीटरमागे सुमारे ६००० होते, ते २०१४ मध्ये ३६ उरले. परदेशी भरभराट आणि घरी ओसाडी! वाचून मी जरा गप्पच झालो.

त्याच्या अपेक्षा मोजक्या. खायला गांडुळे, मंद उजेड, १६ ते १८ अंशांचे क्लोरीन काढलेले पाणी. पुण्याच्या उन्हाळ्यात त्यासाठी यंत्र लागले असते. इथे निम्मे काम हवाच करते. तळाशी बारीक खडे नकोत, तो गिळतो. उगीच हाताळू नये. आणि त्याला आणण्यापूर्वी महिना-दीड महिना टाकीत थोडा थोडा अमोनिया घालून पाणी खेळते ठेवावे, म्हणजे घाण पचवणारे सूक्ष्म जीव रुजतात.

शेवटी आयुर्मान: दहा ते पंधरा वर्षे. इथे मी अडलो. मला बहात्तर चालू आहे. पंधरा वर्षांनी सई चोवीसची होईल, कुठल्या गावी असेल कोण जाणे. मी तिला हा हिशेब सांगितला. तिने बोटे मोजली आणि म्हणाली, "मग आजोबा, पहिली दहा वर्षं पाणी तुम्ही बदला. पुढची मी बघते."

कोपऱ्यात टाकी मांडली आहे. पाणी खेळते आहे. डॉक्टरांनी सांगितलेले सकाळचे फिरणे मीही हल्ली चुकवत नाही.