जुजदानातून बाहेर काढलेला कुरआन

आमच्याकडं कुरआन शरीफ घरातल्या सगळ्यात उंच फळीवर असतो. रेशमी जुजदानात गुंडाळलेला. वुजूशिवाय हात लावायचा नाही, त्या दिशेला पाय करायचे नाहीत. हा आदर मलाही प्रिय आहे. पण उंचावर ठेवलेल्या गोष्टीपर्यंत रोज हात पोचत नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडच्या बहुतेक मुलांसारखी मीही मक्तबात नाजिरा शिकले. नाजिरा म्हणजे अक्षरं ओळखून, उच्चार सांभाळून वाचणं. अर्थ त्यात येत नाही. तीस सिपारे पूर्ण झाले तेव्हा मोहल्ल्यात मिठाई वाटली होती. घरात दखनी, शाळेत मराठी आणि नमाजची भाषा अरबी, असं आमचं तीन भाषांचं आयुष्य.

अब्बा गेले तेव्हा घरी कुरआनखानी झाली. बायकांनी सिपारे वाटून घेतले आणि तासा-दीड तासात आख्खा कुरआन वाचून झाला. सवाब मिळतोच, त्याबद्दल वाद नाही. पण अब्बांसाठी आपण नेमकं काय वाचलं, हे मला जाणून घ्यावंसं वाटलं. मग मराठी अनुवाद आणला.

काहीजण म्हणतात, अनुवाद वाचून माणूस भरकटतो. अहो, अठराव्या शतकात दिल्लीत शाह वलीउल्लाह यांनी कुरआन फारसीत आणला आणि त्यांच्या मुलांनी उर्दूत. ते सगळे मोठे आलिम होते. लोकांना कळावा म्हणूनच त्यांनी ते केलं. आणि आपल्या विनोबांनी तर मोठेपणी अरबी शिकून ‘कुराणसार’ तयार केला. धर्मानं मुस्लिम नसलेला माणूस एवढे कष्ट घेतो, मग आपल्याला काय अडचण आहे?

माझी पद्धत साधी आहे. फज्रनंतर दहा आयती, आधी अरबीत, मग मराठीत. शेवटी वहीत एकच ओळ लिहायची: हे माझ्याकडून काय मागतंय? अडलं तर मौलवीसाहेबांना विचारायचं.

आणि तो खरंच मागतो, बरं का. अल-माऊन ही सात आयतींची छोटी सूरह नमाजमध्ये आपण कितीदा म्हणतो. त्यात अनाथाला हाकलणाऱ्याची आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूसुद्धा न देणाऱ्याची कानउघाडणी आहे, तीही नमाजी माणसाची. हुजुरात सूरहमध्ये सांगितलंय की कुणी बातमी आणली तर आधी खात्री करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिननी ती भिंतीवर लावावी. कुरआनमधली सगळ्यात लांब आयत नमाज-रोज्यावर नाही, उधार-उसनवारी लिहून ठेवण्यावर आहे. पैशाचा व्यवहार हाही इबादतीचाच भाग, हे मला तिथं कळलं.

मग आली सूरह निसा. वारसा थोडा असो वा जास्त, त्यात पुरुषांचा हिस्सा आहे तसा बायकांचाही आहे. पुढे कुणाला किती, तेही मांडलेलं आहे. मी वहीत आमच्या घराचा हिशोब केला. कर्ज आणि वसीयत वजा करून उरलेल्याचे २४ भाग धरले, तर अम्मीचे ३, भाईजानचे १४ आणि माझे ७.

आमच्या फुफूनं हक्कसोडपत्रावर सही केली होती. माहेर तुटू नये म्हणून. दर ईदला तिला साडी यायची, आणि सगळे म्हणायचे भाऊ किती चांगले आहेत. मी वही दाखवली तेव्हा अम्मीसुद्धा म्हणाली, “भाई के पास हिस्सा मंगते क्या बेटी?” मी म्हटलं, अम्मी, मी मागत नाहीये, हे आधीच लिहून ठेवलंय. भाईजान दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो अनुवाद वाचायला नेला. घर आणि दुकानाच्या गाळ्याचे कागद अजून व्हायचे आहेत. पण आता बोलणं साडीवर नाही, हिश्श्यावर चाललंय.

हे घरचं रडगाणं म्हणून सांगत नाहीये. शरियतला हात लावू नका म्हणून मोर्चे निघतात, समान नागरी कायद्यावर टीव्हीवर आरडाओरडा होतो. १९३७ चा शरियत कायदा आला त्यामागचं एक मोठं कारण हेच होतं की रूढीच्या नावाखाली मुलींना वारसा नाकारला जात होता. शेतजमीन तेव्हाही त्यातून वगळली गेली. म्हणजे रूढीनं आपली जागा राखलीच. मुलीला अर्धा हिस्सा का, यावर जरूर चर्चा करा. पण आधी तो अर्धा तरी द्या! जी शरियत आपल्या सातबाऱ्यावर आणि घरपट्टीवर दिसत नाही, ती मोर्चात कशी वाचणार?

ग्रंथाशी जवळीक म्हणजे डोळ्यांत पाणी येणं, असं आपण समजतो. येतंही. पण जवळच्या माणसासारखा तो तोंडावर खरं बोलतो आणि ते ऐकून घ्यावं लागतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात कुठून करू, असं विचाराल तर अल-माऊनपासून करा. पाच मिनिटं लागतील. आणि सूरह निसापर्यंत पोचलात की बहिणीला शेजारी बसवून वाचा.