काळ्या वाळूचा कस

रत्नागिरीतल्या रत्नदुर्गाच्या एका अंगाला मांडवीचा काळा समुद्र, दुसऱ्या अंगाला मिऱ्याकडचा पांढरा समुद्र. ही नावं पाण्यावरून नव्हे, वाळूवरून पडलेली. दोन्हीकडे मी लहानपणापासून फिरले, पण त्या वाळूत नेमकं काय आहे हे कळलं ते शाळेतल्या मुलांना घेऊन मांडवीला गेले तेव्हा. भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर सोबत आले होते.

"सर, काळी म्हणजे लोखंडाची ना?" एका मुलाने विचारलं.

"रंगावर जाऊ नकोस रे. आधी उचलून बघ."

पांढऱ्या समुद्राची वाळू आम्ही पिशवीतून आणलीच होती. सारख्या आकाराच्या दोन वाट्या दोन्ही वाळूंनी भरल्या, तर काळीचं जडपण हातालाच कळलं. गारगोटीचा कण पाण्याच्या 2.65 पट जड, इल्मेनाइट सुमारे 4.7 पट, मॅग्नेटाइट 5.2 पट. लाट परतताना हलके कण ओढून नेते आणि जड मागे राहतात. किनाऱ्यावरचे काळे पट्टे असे जमतात.

मग सरांनी खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं आणि वाळूवरून फिरवलं. काही कण टुणकन उडून पिशवीला चिकटले आणि केसांसारखे उभे राहिले. ते मॅग्नेटाइट. पिशवीतून चुंबक बाहेर काढलं की सगळे एकदम खाली. उरलेल्या काळ्या कणांत बरंचसं इल्मेनाइट होतं: लोखंड, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचं संयुग. साध्या चुंबकाला ते फारशी दाद देत नाही. सह्याद्रीचा काळा कातळ झिजतो आणि नद्या हे कण समुद्राला आणून देतात. याच काळ्या इल्मेनाइटपासून भिंतीच्या रंगातलं पांढरंशुभ्र टायटॅनियम डायऑक्साइड काढतात, हे ऐकून मुलं आधी माझ्याकडे बघायला लागली.

पांढऱ्या वाळूवर व्हिनेगर टाकलं तर काही कण बारीक फसफसले. तो शिंपल्यांचा चुरा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. जे काचेसारखे कण ढिम्म राहिले ते काचेच्या तुकड्यावर घासले, तर काचेवर ओरखडे उठले. फ्रेडरिक मोस यांनी 1812 मध्ये काठिण्याची एक ते दहा अशी श्रेणी मांडली. तीत काच साडेपाचच्या आसपास आणि गारगोटी सातवर.

मला सगळ्यात आवडली ती कसाची परीक्षा. सरांकडे रेडीच्या लोहखनिजाचा एक तुकडा होता. (1981 पर्यंत रेडी आमच्याच जिल्ह्यात होतं.) तुकडा पोलादी करडा, चकचकीत. पांढऱ्या टाइलची पाठ खरबरीत असते, तिच्यावर तो जोर देऊन ओढला आणि करड्या दगडातून विटकरी रेघ उमटली. खनिजाच्या भुकटीचा रंग तो कस. वरचा रंग उन्हापावसाने, गंजाने, भेसळीने बदलतो; कस सहसा बदलत नाही. विटकरी कस म्हणजे हेमाटाइट, काळा असता तर मॅग्नेटाइटचा संशय घेतला असता.

"सर, मग आमच्या घराचा जांभा कुठलं खनिज?" हा प्रश्न येणारच होता. जांभा खनिज नाही, खडक आहे. खनिज म्हणजे निसर्गात घडलेला, ठराविक रासायनिक घडण आणि अणूंची शिस्तशीर मांडणी असलेला घन पदार्थ. खडक म्हणजे बहुधा अशा अनेकांचं एकत्र राहणं. जांभ्याच्या चिऱ्याचा तुकडा टाइलवर वेगवेगळ्या बाजूंनी घासला, तर कुठे पिवळट तपकिरी रेघ आली, कुठे तांबूस. पिवळट ती गोएथाइटची, तांबूस हेमाटाइटची. ज्या चिऱ्याच्या भिंतीला टेकून मी अभ्यास केला, तिच्यात एवढी वस्ती असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

जांभ्याखाली विहिरीत लागते ती पांढरट शेडी. तिच्यात मुख्यतः केओलिनाइट असतं. नखाने खरवडते, ओल्या बोटाला चिकटते, तोंडाची वाफ दिली की मातीचा वास येतो. एका मुलीच्या वाडीत विहिरीचं काम चालू आहे. शेडी लागली की ढेकूळ घेऊन येते म्हणालीय. टाइल आणि व्हिनेगरची बाटली वर्गाच्या कपाटात ठेवली आहे.