आकाशातला विमानतळ

भाच्याने विमान घेतल्याचे बहिणीने सांगितले, तेव्हा मला वाटले, ती थट्टा करते आहे. पण २०२२ च्या ऑक्टोबरात मी कॅलिफोर्नियात गेलो, तो खरोखरच लाँग बीचच्या विमानतळावर एक चिमुकले सेसना उभे! आसने चार, पंखा एक, आणि वय भाच्याहून जास्त.

"मामा, कॅटालिनाला जाऊ. समुद्रापलीकडे वीसेक मैल."

हे बेट १९१९ साली च्युइंग गमवाल्या रिग्लींनी विकत घेतले. पुढे दोन डोंगरांचे माथे कापून, मधली दरी बुजवून तिथे विमानतळ केला. १९४६ साली तो सर्वांना खुला झाला. उंची १६०२ फूट, म्हणून त्याला म्हणतात 'आकाशातला विमानतळ'.

वरून तो दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. धावपट्टी अवघी ३००० फुटांची, कड्याच्या काठावरच सुरू होणारी. आरंभी तिला चढ आहे. त्यामुळे आपण फार उंच आहोत असा वैमानिकाला भास होतो आणि तो नकळत खाली येतो. त्यात पठारावरून दरीत कोसळणारा वारा विमानाला आणखी खाली दाबतो. पुढचे टोक तर चढाआड दडलेले!

त्या दिवशी हे सारे जुळून आले. काठ ओलांडताच विमान धाडकन आदळले, चेंडूसारखे उसळले. भाच्याने नाक खाली दाबले. आता पुढचे चाक आधी आपटले आणि कर्रकन आवाज झाला. थांबलो तेव्हा माझा चष्मा मांडीवर होता. दोघेही धडधाकट.

पंख्याच्या पात्याचे टोक नखभर वाकले होते. दुसऱ्या दिवशी मला भारतात परतायचे होते. मी म्हटले, "अरे, इंजिन तर चालू होतं! वीस मिनिटांचा तर प्रश्न."

"नाही, मामा. पातं जमिनीला लागलं की हिसका इंजिनाच्या आत पोचतो. ते उघडून तपासल्याशिवाय उडायचं नाही."

त्या तपासणीत त्याची वर्षाची शिल्लक जाणार होती. तरी तो बधला नाही. आम्ही बसने ॲव्हलॉन गावाकडे निघालो. वाटेत रानगवे चरत होते. १९२४ साली चित्रपटासाठी आणलेल्या कळपाचा हा वंश! एरवी भाच्याने मोठ्या हौसेने दाखवले असते. आज गप्प होता.

बोटीत मात्र बोलला, "पहिल्या उसळीलाच पुन्हा वर जायला हवं होतं. उतरायचा हट्ट धरला, तिथंच चुकलं. आईला काय सांगू?"

"ते माझ्यावर सोड," मी म्हटले.

घरी येऊन बहिणीला एवढेच सांगितले, की तुझ्या लेकाच्या विमानात मी पुन्हा बसेन. "का बरं?" तिने विचारले, आणि मग सारेच सांगावे लागले.