जरा निळं वाटू दे!

संगीतकार व्हायचं असेल तर आधी भोसरीत दोन वर्षं क्वालिटी डिपार्टमेंटला काढावीत, असं माझं स्पष्ट मत झालंय. हसू नका! माझा एक मित्र दिवसा तिथल्या वर्कशॉपमध्ये पार्ट मोजतो आणि रात्री पिंपरी स्टेशनजवळच्या आपल्या वन रूम किचनमध्ये शॉर्ट फिल्म्सना, अधूनमधून एखाद्या छोट्या मराठी सिनेमाला म्युझिक देतो. भिंतींना गाद्या टांगल्यात, तरी लोकल गेली की टेक वाया. पण लोकलचं टाइमटेबल तरी असतं. दिग्दर्शकाचं तेही नाही.

कंपनीत आधी ड्रॉइंग येतं. माप किती, टॉलरन्स किती, सगळं लिहिलेलं. रिवर्क निघालं तर ते कुणाच्या खात्यावर टाकायचं यावरून मीटिंगा झडतात. इकडे? ‘जरा निळं वाटू दे,’ एवढंच ड्रॉइंग! मी समोर बसले होते तेव्हा. मित्राने गंभीरपणे मान डोलावली आणि पुढच्या पंधरा दिवसांत सात व्हर्जन्स पाठवली. उत्तर आलं, ‘बॉस, पहिलंच बरं होतं.’ मधल्या सहांचे पैसे? शून्य. कारण ‘पॅकेज’ ठरलेलं. पॅकेज म्हणजे एकच रक्कम. त्यातच स्टुडिओ, गायक, बासरीवाला, मिक्सिंग. उरेल ते संगीतकाराचं. उरलंच तर.

त्यात रेफरन्स ट्रॅकचा छळ वेगळाच. एडिटिंग करताना दिग्दर्शक कुठलं तरी गाजलेलं संगीत तात्पुरतं लावतो आणि महिनाभर ऐकून त्याच्या प्रेमात पडतो. मग फर्माईश, ‘सेम असंच, पण वेगळं.’ मित्राच्या वाट्याला बहुतेक वेळा ‘सैराट’ येतो. आता २०१६ च्या त्या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी थेट अमेरिकेत, सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. इथे एक कीबोर्ड, एक लॅपटॉप आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा मिक्सर!

मोठ्यांचंही असं होतं म्हणा. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी अ‍ॅलेक्स नॉर्थकडून संगीत करून घेतलं आणि शेवटी स्टॅनली कुब्रिकने तात्पुरते लावलेले क्लासिकल तुकडेच ठेवले. नॉर्थला हे कळलं १९६८ मध्ये, तयार सिनेमा बघताना.

इथवर हसण्यावारी नेता येतं. पण केलेली चाल कुणाची, यावर हसू येत नाही. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की वेगळा करार नसेल तर पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मी संगीताचा मालक निर्माताच. २००८ मध्ये राम संपत यांनी, मोबाइलच्या जाहिरातीसाठी केलेली आपली चाल ‘क्रेझी फोर’च्या गाण्यांत वापरली म्हणून मुंबई हायकोर्ट गाठलं. कोर्टाने त्या गाण्यांसह रिलीज रोखल्यावर २ कोटींना तडजोड झाली. पुढे २०१२ मध्ये कायदाच बदलला. थिएटरबाहेर, म्हणजे रेडिओ, टीव्ही, नेटवर गाणं वाजलं की रॉयल्टीत संगीतकार आणि गीतकाराचा समान वाटा. तो निर्मात्याला लिहून दिला तरी ते लिहिणं चालत नाही.

मित्राला मागच्या महिन्यात आलेला करार मी वाचला. दोन पानं. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी निर्मात्याकडे.’ रॉयल्टी हा शब्दच नाही. मी तावातावाने कायदा काढून दाखवला. तो म्हणाला, ‘अगं, हे बोललो तर पुढचं काम दुसऱ्याला. लॅपटॉप त्याच्याकडेही आहे.’ मी काय बोलणार? ‘पैसे कमी आहेत, पण एक्स्पोजर मिळेल’ हे वाक्य फ्रीलान्सर म्हणून मलाही पाठ आहे.

शेवटी त्याने करारात एकच ओळ वाढवली, कंपनीतल्या भाषेत: दोन बदल फुकट, तिसऱ्यापासून रिवर्क चार्जेस. रॉयल्टीला हात लावला नाही. मेल गेल्याला आज नऊ दिवस झाले. निर्मात्याचा अजून फोन नाही.